डिकीचा पत्रा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सुरुवात केली की कोणी दात काढलेले मला चालणार नाहीत. आणि ते मोबाइल खाली ठेवा. मोबाइलवरूनच तर सगळं रामायण सुरू झालं.

माझ्या ओळखीचा एक डेंटर. गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि सांगायचा, ही खांबाला घासली, ही मागे घेताना भिंतीला ठोकली. आयुष्य लोकांच्या गाड्यांत गेलं, स्वतःची मात्र नव्हती. बायकोला आठवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला वाहन मिळायला उशीर झाला आणि मूल हाती लागलं नव्हतं. म्हणून या वेळी दारात गाडी हवीच, असा त्याने हट्टच धरला. रोज जेवण झालं की मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसायचा. एक पांढरी गाडी दिसली. मालक स्वतः विकतोय, मधे दलाल नाही, किंमत तर जवळपास फुकटच.

अकरा डिसेंबर, मंगळवार. रात्री पावणेदहाला तो मालकाच्या दारात उभा राहिला. दिवसा मालकाला सवड नव्हती म्हणे. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी साखर.

"वहिनी दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय. या, गाडी बघा."

डेंटरने तळवा फिरवायला घेतला. बॉनेट चोख, दरवाजे चोख. डिकीच्या झाकणाशी हात थांबला. सहा-सात पोचे होते. पण आत गेलेले नव्हते, बाहेर आलेले होते.

"साहेब, डिकीत काय ठेवलं होतं?"

"गॅसची टाकी. वळणावर सुटली आणि आपटली."

टाकीचा पोचा पसरट असतो. हे मुठीएवढे होते. त्याला हे कळलं होतं, पोरांनो. चांगलं कळलं होतं. पण डोक्यात काय आलं, तर पोचे दाखवून आणखी थोडी किंमत पाडता येईल. मला त्याचा आजही राग येतो.

"एक चक्कर मारून बघा ना," मालक म्हणाला आणि शेजारी येऊन बसला. हत्यारांची पिशवी मागच्या सीटवर टाकून डेंटरने गाडी काढली. घरं संपली. रस्त्यावरचे दिवे संपले.

ठक्.

मागून आवाज आला. पुन्हा, ठक् ठक्.

"स्टेपनी सैल झालीय," डेंटर म्हणाला.

"थांबू नका." बोलण्यातली साखर गेली होती.

पण असला आवाज ऐकून पुढे जाईल तो डेंटर कसला. त्याने गाडी कडेला घेतली, पिशवीतून हातोडी काढली, डिकी उघडली. रिकामी. स्टेपनी जागच्या जागी, घट्ट. सवयीने त्याने झाकणाचा पत्रा आतून एकदा ठोकून पाहिला.

टक्.

उत्तर आलं. दोनदा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पत्रा फुगून वर आला... मुठीएवढा.

"गप्प पड."

मालक मागे उभा होता. डेंटरशी बोलत नव्हता. डिकीशी बोलत होता.

"किती वेळा मारू तुला? सांग ना... किती वेळा?"

त्याने हातोडी हिसकावली. रिकाम्या डिकीत घाव घातला. दुसरा घातला. मग वळला.

"तूही ऐकलंस."

तिसरा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. डेंटर अर्धा डिकीत कोसळला. तोंडात रक्त.

"साहेब... बायकोचे दिवस भरत आलेत..."

मालकाने त्याचे पाय उचलले. आत कोंबू लागला. गुडघ्याने दाबलं. हातोडी वर गेली.

तेवढ्यात डेंटरचं मनगट कोणीतरी धरलं. थंड हात. एकच हिसका. तो फेकला गेला... रस्त्यावर.

मालक ओणवा झालेला होता.

झाकण खाली आलं. मानेवर.

कोणी हात लावला नव्हता.

वर गेलं. खाली आलं.

वर...

किंचाळणं तिसऱ्यालाच थांबलं. झाकण थांबलं नाही.

डेंटरच्या जबानीवरून सकाळी पोलिसांनी मालकाच्या स्वयंपाकघरातली फरशी उकरली. माहेरी गेलेली बायको तिथेच होती. मालकाचं म्हणाल तर, झाकणाची स्प्रिंग तुटून मृत्यू, असं कागदावर लिहून प्रकरण मिटलं. डेंटरचा खांदा जुळून आला. पुढे मुलगी झाली, धडधाकट. दवाखान्यात जाताना गाडी शेजाऱ्याची नेली.

परवा भेटला तेव्हा त्याने बाही वर केली. आठ वर्षं झाली, मनगटावर पाच बोटांचा निळा वळ तसाच आहे. बाईचा हात. ते मी समजू शकतो.

पण त्याच्या करंगळीभोवती आणखी एक वळ आहे. तेवढाच जुना. इवल्या इवल्या बोटांचा... तान्हं मूल धरतं ना, तसा.

त्या बाईला मूलबाळ नव्हतं. मी स्वतः जाऊन चौकशी केलीय.