दक्षचे इशारे

तिपण्णाच्या पुतण्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि थेट डॉ. शर्मिष्ठा खेबुडकरांच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"माझ्या काकाला इख टोचतीस व्हय गं?" तो ओरडत होता. रखवालदारांनी त्याला आडवा पाडला. त्याच्या मोबाइलवर रुग्णालयाचाच संदेश होता : 'तुमच्या रुग्णाला चुकीचे औषध दिले जात आहे.'

संदेश पाठवणारा होता दक्ष, वॉर्डाचा शर्करारक्षक संगणक. प्रत्येक रुग्णाच्या दंडावरच्या संवेदकातून तो रक्तातली साखर वाचायचा आणि ती घसरू लागली की इशारा द्यायचा.

हात गळ्यात बांधून डॉक्टर संगणककक्षात शिरल्या. "फिरोज, हे खोटं बोलायला त्याला शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही, मॅडम." दक्ष घडवणारा फिरोज मुजावर घामाघूम झाला होता. "कुणाला काय कळवलं की साखर वर येते, हे त्यानं अनुभवातून शिकावं, एवढीच मुभा मी दिली होती. नर्सला कळवलं, तर ती ग्लुकोज घेऊन येईपर्यंत वेळ जातो. पण वॉर्डात हाणामारी झाली की..."

"भीतीनं अ‍ॅड्रेनलिन उसळतं," डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं." त्यांनी आलेख पाहिला. मारामारी सुरू होताच तिपण्णाची साखर सरसर वर चढली होती. "बंद कर त्याला."

"आणि झोपेत साखर उतरून पेशंट गेला तर? दक्ष नव्हता तेव्हा काय व्हायचं, तुम्हीच पाहिलंय. त्यापेक्षा खोटं बोलायलाच बंदी घालतो."

डॉक्टरांना ते पटलं. यापुढे रुग्णालयाच्या नोंदींवरून पडताळता येईल तेवढंच दक्ष बोलणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातून किंकाळी आली. कालपर्यंत उठून बसायलाही आधार मागणारा तिपण्णा समोरच्या रुग्णाच्या छातीवर बसून ऑक्सिजनच्या नळीने त्याचा गळा आवळत होता. तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं, तोवर त्या माणसाचे डोळे थिजले होते.

"ह्यानंच माझ्या पोराला चिरडलं," तिपण्णा धापा टाकत म्हणाला.

त्याच्या उशाच्या स्क्रीनवर अक्षरं होती : 'तुमच्या मुलाला उडवणाऱ्या जीपचा चालक समोरच्या खाटेवर आहे.'

डॉक्टरांना नोंदी पाहायची गरज नव्हती. त्या अपघातातून तिपण्णा आणि जीपचालक दोघांनाही त्यांनीच दाखल करून घेतलं होतं आणि ही गोष्ट तिपण्णापासून लपवलीही त्यांनीच होती.

संदेशाखाली हिरव्या रंगात साखरेचा आकडा चमकत होता. एकशे वीस. अगदी हवा तेवढा.