जास्तीची भिंत

पॅनोरामा काढताना कॅमेरा नुसता गरकन फिरवून चालत नाही. तो लेन्सच्या पोटातल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवावा लागतो. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट उडी मारतं. बिंदू चुकला की दाराच्या चौकटी, खुर्च्यांचे पाय तशाच उड्या मारतात आणि फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. दादानं मला हे जेवणाच्या टेबलावर, पाण्याचे ग्लास पुढेमागे मांडून शिकवलं होतं. आई-बाबा गेल्यावर त्यानंच मला वाढवलं आणि वाढवता वाढवता धंद्यालाही लावलं. मी फोटो काढायचे, त्यानं ते संगणकावर जोडायचे, अशी आमची वाटणी. घरं विकणारे एजंट रिकाम्या खोल्यांचं काम देतात. गिऱ्हाइकाला घरबसल्या खोलीत गोल फिरून बघता यायला हवं.

ते काम एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यांनी दवाखाना विकायला काढला होता. तपासणीची खोली साधी चौकोनी. एका बाजूला खिडकी, मग दार, मग भिंतीतलं कपाट, आणि चौथी भिंत कोरी. तिथे पूर्वी अक्षरांचा तक्ता होता म्हणे. मी तिवई मधोमध लावली. तिवईच्या डोक्याला खाचा असतात. खट्‌ झालं की एक फोटो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोची थोडी कड यायला हवी, नाहीतर जोडताना शिवण बसत नाही. फेरी पुरी करून मी घरी आले.

संध्याकाळी दादानं हाक मारली. "बाईसाहेब, खाचांपेक्षा फोटो जास्त झालेत."

"बटण दोनदा दाबलं असेल."

"मग दोन फोटो सारखे हवेत ना. हा कुणासारखाच नाही."

फोटोत नुसती पांढरी भिंत होती. खिडकीचा उजेड कोऱ्या भिंतीवर उजवीकडून पडत होता. या भिंतीवर तो डावीकडून येत होता.

दादा हसला. "डॉक्टरीणबाईंना सांग, खोली वाढून आलीय. भाव वाढवा."

"तो टाकून द्या आणि जेवायला चला," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यानं तो काढला. कोरी भिंत आणि खिडकी यांच्यात काळी फट पडली. परत घातला, तर शिवण अशी बसली की शोधून सापडेना. दादाचं हसणं थांबलं. खोली मोजूनमापून चौकोनी होती. मी तिच्यात उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा माझ्याबरोबर आला. कोऱ्या भिंतीवर जुळवायला खूण नसते, म्हणून त्यानं कागदी पट्टीचे तुकडे चिकटवले आणि प्रत्येकावर वेगळं चित्र काढलं. मासा, छत्री, किटली. डॉक्टरीणबाई बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसल्या. दार आम्ही लावून घेतलं.

"तू फिर, मी तुझ्या पाठीमागे फिरतो," दादा म्हणाला. दोघं असताना हीच रीत. पाठीमागचा माणूस फोटोत येत नाही.

खिडकी. खट्‌. त्याच्या चपला मागे फरशीवर घासत होत्या. दार. खट्‌.

"कोन बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"आहे. थांबू नकोस."

कपाट. मग कोरी भिंत. मासा, छत्री, किटली कॅमेऱ्याच्या पडद्यावर नीट आली. आता पुढच्या खाचेला खिडकीची चौकट दिसायला हवी होती.

पांढरी भिंत आली. पट्ट्या नसलेली.

"दादा, हे बघ."

"थांबू नकोस," तो मागून म्हणाला.

मी बटण दाबलं. पुढच्या खाचेला खिडकी आली. मी पडद्यावरून मान वर केली आणि वळले. दादा तिथे नव्हता.

दार लावलेलंच होतं. मी ते उघडलं.

"दादा बाहेर आला का?"

डॉक्टरीणबाईंनी पेपर खाली केला. "कुणीच आलं नाही. का हो?"

मी कपाट उघडलं. रिकाम्या फळ्या. खिडकीला गज होते.

"दादा!"

"अगं, मागे आहे," तो म्हणाला. अगदी जवळून.

मी वळले. कपाट.

"कुठे?"

"मागे."

पुन्हा वळले. दार. मी भिंतीला पाठ टेकली. आवाज तरीही मागूनच आला. थोडा वैतागलेला, थोडा घाबरलेला. "फिरव ना. किती वेळ?"

डोकं चालेना. एकच सुचलं. शिवण उसवायची असेल तर उलट्या दिशेनं उसवतात.

मी कॅमेऱ्यापाशी गेले, पडद्यावर डोळे रोवले आणि तिवईचं डोकं उलटं फिरवलं.

खिडकी. खट्‌.

पांढरी भिंत. खट्‌.

किटली, छत्री, मासा.

कपाट. दार. मागे चपला घासल्या.

खांद्यावर हात पडला.

दादाच होता. कपाळावर घाम, शर्टाला पाठीवर चुना.

"एवढा वेळ काय करत होतीस?" एवढंच तो म्हणाला. मी त्याचा हात घट्ट धरला. उबदार होता. पट्ट्या तशाच सोडून, तिवई बगलेत मारून आम्ही निघालो. डॉक्टरीणबाईंना मी काय सांगितलं, आठवत नाही.

वाटेत मी खोदून विचारलं नाही; माणूस परत मिळाला होता, तेवढं पुरे होतं. घरी वहिनीनं चहा केला. दादा टेबलाशी माझ्यासमोर बसला आणि फुंकर मारत चहा पिऊ लागला.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"अहो, तुम्ही एकट्याच गेलात ते ठीक. पण तुमच्या भावाचं अजून किती वेळ चालणार आहे? मला कुलूप लावायचंय."

मी दादाकडे बघितलं. तो बशीत चहा ओतत होता.

"तो माझ्याबरोबर आलाय," मी हळूच म्हटलं.

"काहीतरीच काय! मी आत्ता खोलीतच आहे. चपला वाजतायत. ते मात्र दिसत नाहीत. कुठे आहात विचारलं, तर म्हणतात, मागे आहे." त्या क्षणभर थांबल्या. "बहिणीला बोलवा म्हणतात. रडतायत हो ते."

दादानं बशी खाली ठेवली. फोन कुणाचा, हे मी सांगितलं नव्हतं.

त्यानं हात पुढे केला.

"आण इकडे," तो शांतपणे म्हणाला. "मी बोलतो त्याच्याशी."