पाकोळीची शेवटची आवृत्ती

डोळ्यांत औषधाचे थेंब पडले, की जग विरघळायला लागतं. खिडकी म्हणजे नुसता पांढरा उजेड, समोरची भिंत म्हणजे धुकं… आणि काउंटरमागे कॉम्प्युटरवर वाकलेला तो म्हणजे एक निळा शर्ट आणि एक वैतागलेला आवाज.

"हे कॅलेंडर ज्या महाभागाने लिहिलंय ना," शर्ट पुटपुटला, "तो एकदा समोर यायला हवा!"

मी डोळे तपासायला आले होते, भांडायला नाही. पण राहवलं नाही.

"तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की उघडतं आणि लगेच मिटतं. हो ना?"

शर्ट सरळ झाला. "तुम्हाला तिथून स्क्रीन दिसतोय?"

"मला तुम्हीसुद्धा दिसत नाही आहात."

"मग—"

"तो महाभाग मीच."

मग तो हसला… आणि खरं सांगते, त्याचा चेहरा दिसायच्या आधीच मला ते हसणं आवडलं. तासाभराने चेहराही दिसला. तोही बरा होता.

मी डोळे मिटूनच त्याला सांगत गेले – कुठली फाइल उघडायची, कुठली ओळ खोडायची. कॅलेंडर उघडलं आणि उघडंच राहिलं.

त्या कॅलेंडरचं नाव पाकोळी. कॉलेजात असताना मी आणि माझ्या दादाने लिहिलेली ही जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं. कुणीही फुकट उचलावं आणि आपल्या वेबसाइटला जोडावं. एके काळी पाकोळी कुठे कुठे होती! दवाखाने, शाळा, वाचनालयं… मग दादा संसाराला लागला, ब्राउझर स्वतःच कॅलेंडरं दाखवू लागले आणि म्हातारी पाकोळी माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. नोकरी करून घरी यायचं आणि अनोळखी माणसांच्या तक्रारी निस्तरायच्या. थकले होते मी.

"बंद करणार आहे मी ती," मी त्याला सांगून टाकलं.

"आणि आम्ही काय करायचं? इथल्या सगळ्या अपॉइंटमेंट तिच्यावर चालतात. ताई मला घराबाहेर काढेल!" डॉक्टर ही त्याची सख्खी ताई. तिच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. मग त्याचा आवाज हळू झाला. "बंद करा… पण नीट निरोप तरी द्या तिला."

नीट निरोप. हे मला कुणी सुचवलंच नव्हतं.

म्हणून ठरलं, एक शेवटची आवृत्ती लिहायची. पाकोळी वापरणाऱ्या प्रत्येकाला ती काहीही न मोडता अलगद ब्राउझरच्या कॅलेंडरवर नेऊन सोडेल. त्यानंतर पाकोळीला कायमचं कुलूप. तो मदत करणार होता, आणि मदत म्हणजे वाचणं. दादाने घालून दिलेला नियमच होता तसा: आपला बदल आपण मंजूर करायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, हरकती लिहायच्या, त्याही उघड, आणि त्या मिटल्या तरच बदल आत घ्यायचा. दादा बाजूला झाल्यापासून मी तो नियम खुशाल मोडत आले होते.

रविवारी दवाखाना बंद असायचा. पेशंट बसायचे ती खोली मग आमची. पडद्यातून गाळून आलेला मऊ उजेड, भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं, दोन लॅपटॉप आणि मध्ये चहा. तो वाचताना ओठ हलवायचा. मी ते बघत बसायचे, आणि त्याने वर पाहिलं की घाईघाईने काहीतरी टाइप करायचे. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही.

"हरकत आहे," तो गंभीरपणे म्हणायचा. "इथे एक स्वल्पविराम जास्त झालाय."

"एवढंच?"

"एवढंच कसं? पुढच्या रविवारी बघू."

"एका स्वल्पविरामासाठी अख्खा रविवार?"

"तुला घाई आहे?"

"छे… मला कसली घाई?"

पण मनात भीती होतीच. हा सगळा खटाटोप नक्की कशासाठी चाललाय त्याचा? ताईचं कॅलेंडर चालत राहावं म्हणून तर नाही?

शेवटी एकच बदल उरला, कुलपाचा. मी तो पाठवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग मान खाली घालून म्हणाला, "इथे एक ओळ उगाच रिकामी सोडलीयस."

माझा बांध फुटला. "तुला ती बंदच होऊ द्यायची नाहीये ना? मग तसं सांग! स्वल्पविराम काय, रिकाम्या ओळी काय… दवाखान्याचं काम अडू नये म्हणून मला इथे बसवून ठेवलंयस का?"

तो गोरामोरा झाला. "तसं नाहीये. मला… बोलता येत नाहीये. लिहू?"

"लिही. हरकती लिहितोस तिथेच लिही. खरी हरकत काय आहे ती!"

त्याची बोटं चालली, थांबली, परत चालली. मग माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली—

'हरकत एकच. हा बदल मंजूर केला, की रविवारी तू येणार नाहीस. आणि मला तू हवी आहेस.'

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि एकदम लक्षात आलं.

"अरे, हे सगळ्यांना दिसतं!"

त्याने कपाळाला हात लावला. पाकोळीची हरेक चर्चा उघडी असते, कुणीही वाचावी. वेडा पुसायला धावला, पण त्याच्या ओळीखाली एक अंगठा उमटला होता. मग आणखी एक. मग बदामही. कुठल्या कुठल्या गावांतली, कधी न पाहिलेली माणसं…

माझा फोन वाजला. दादा.

"अगं, उत्तर दे त्या मुलाला. किती ताटकळत ठेवशील?"

"दादा! तू वाचतोयस? कधीपासून?"

"पहिल्या स्वल्पविरामापासून," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मी लॅपटॉप मिटला. हे उत्तर सगळ्यांसाठी नव्हतं.

"मी येईन," मी म्हणाले.

"काम नसलं तरी?"

"कामासाठी कुठे येत होते मी?"

मग त्याने, माझ्याकडे बघत बघतच, बदल मंजूर केला. इतकी वर्षं सांभाळलेली पाकोळी मिटली. मला रडू आलं, अगदी हमसून, आणि ते आवरावंसंही वाटलं नाही. त्याने माझा हात हातात घेतला.

उजेड पडद्यावरून हळूहळू खाली उतरला. मग आम्ही उठलो, बाहेर पडलो आणि चालायला लागलो. कुठे जायचं, ते दोघांनीही विचारलं नाही.