असा परिवार आहे

"गेले कधी ते?" तिनं विचारलं.

टेबलापलीकडच्या तरुणानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कोण?"

"ज्यांचा परवा सत्कार आहे ते."

आता मात्र त्यानं मान वर केली. दुपारचे चार वाजले होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत ही वेळ जांभयांची असते. चहा होऊन गेलेला, आणि खऱ्या बातम्यांना अजून अवकाश. समोर उभी असलेली मुलगी हातात छत्री असूनही चिंब भिजली होती. कारण छत्रीखाली तिनं स्वतःला नाही, एका जाड कागदाच्या गुंडाळीला ठेवलं होतं.

"आप्पा? आप्पा ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला. पाचव्या पानावर 'मुख्याध्यापिका' चुकलंय म्हणून… म्हणजे, फोन मी घेतला नाही, पण…"

"मग हे वाचा." तिनं छापील मजकूर त्याच्यापुढे सरकवला. "'आप्पा पहाटे उठत.' 'आप्पा या शहराचे कान होते.' 'आप्पांना ऐकीव आकडा चालत नसे.' उठत, होते, नसे. सात वर्षं मानपत्रं लिहितेय मी, हातानं. मानपत्रातला माणूस 'आहे' असतो. तुमच्या कचेरीनं मला 'होता' पाठवलाय."

त्यानं कागद ओढून घेतला. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे तुमच्याकडे कसं… हे तर…"

कचेरीत त्याला सगळे 'स्वल्पविराम' म्हणत, ते काही उगाच नाही. दुसऱ्यांच्या वाक्यांना तो दिवसभर बेधडक कात्री लावी. स्वतःचं वाक्य मात्र अर्ध्यात थांबवी, श्वास घेई, आणि पुष्कळदा ते तिथंच सोडून देई. तिला हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की या माणसाचे कान लाल होतात आणि डोळे फार स्वच्छ आहेत. दुसरी गोष्ट बघायला ती काही आली नव्हती, पण दिसली त्याला ती तरी काय करणार?

झालं होतं ते असं. मोठ्या माणसांवरचे मृत्युलेख वर्तमानपत्रवाले ती माणसं चालतीबोलती असतानाच लिहून ठेवतात. ऐनवेळी धावपळ नको म्हणून. इथं असे लेख 'तयार' नावाच्या कप्प्यात असत. पत्रकार संघानं यंदा जीवनगौरव आप्पांना द्यायचं ठरवलं. संघाच्या चिटणिसांनी कचेरीकडे 'आप्पांवर काही मजकूर असेल तर द्या' असा निरोप धाडला, आणि कचेरीतून कुणीतरी जे हाती लागलं ते पाठवून दिलं. चिटणिसांनी ते न वाचताच अक्षरवालीकडे पुढं केलं. पत्रकारांनीच दिलेला मजकूर, तो पुन्हा पत्रकारानं कशाला वाचायचा?

"म्हणजे जिवंत माणसांना तुम्ही आधीच मारून ठेवता," ती म्हणाली.

"मारत नाही… तयारी ठेवतो."

"किती जण आहेत त्या कप्प्यात?"

"एकशे बारा."

"मी आहे?"

"तुम्ही अजून… तेवढ्या मोठ्या नाही."

"झाले की तुम्हीच लिहा माझ्यावर."

"ते मी कधीही लिहिणार नाही," तो म्हणाला. हे वाक्य मात्र न अडखळता पुरं झालं, आणि दोघंही जरा दचकली.

तिनं मग ओल्या छत्रीकडे पाहत विचारलं, "हा मजकूर कुणी लिहिलाय?"

कान पुन्हा लाल झाले. उत्तर मिळालं.

"काल हे अक्षरात उतरवायला बसले," ती म्हणाली. "सात वर्षं 'समाजाचा आरसा' आणि 'लेखणीचे शिलेदार' लिहून हात दुखलाय माझा. काल आगीच्या गोष्टीपाशी आले आणि पहिल्यांदा लिहिता लिहिता थांबले. डोळ्यांत पाणी आलं की रेघ हलते."

आगीची गोष्ट अशी होती. एका कारखान्याला आग लागली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी 'सुमारे चाळीस' माणसं गेल्याचं छापलं. आप्पा रात्रपाळीच्या हजेरीचं पुस्तक मांडीवर घेऊन फाटकाशी दोन दिवस बसले, घरोघर फिरले, आणि सदतीस नावं वयांसकट छापली. उरलेले तिघे जिवंत होते. हजेरी लावून, भिंतीवरून उडी मारून ते सिनेमाला गेले होते. ती बातमी आप्पांनी कधीच छापली नाही. तिघांची नोकरी गेली असती.

"मग असं करा," तो घाईनं म्हणाला, "हा फाडून टाका. चिटणिसांकडे नेहमीचा मजकूर असेल, तो घ्या."

"का?"

मग तुकड्यातुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं. दीड वर्षापूर्वी आप्पा दवाखान्यात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. संपादक म्हणाले, तू त्यांचा चेला, तूच लिही. त्यानं आप्पांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून एका दुपारी लिहिलं. आठव्या दिवशी आप्पा उठून बसले आणि त्यांनी नर्सकडे ताजा पेपर मागितला. सगळ्यांना आनंद झाला, त्याला सगळ्यांहून जास्त. पण नोकरीच्या पहिल्या वर्षापासून दर रविवारी तो आप्पांच्या घरी जायचा, आठवड्याच्या चुका पेन्सिलीनं दाखवून घ्यायला, ते जाणं त्या दिवसापासून बंद पडलं.

"समोर बसलो की वाटतं, मी यांना एकदा पोचवून आलोय. आणि त्यांना कळलं तर… त्यांना वाटेल मी वाट बघत होतो."

तिला त्याची कीव आली, आणि रागही आला. कुणावर एवढी माया असावी आणि त्याच मायेपायी त्याचं दार टाळावं, हा कुठला शहाणपणा?

"मी हाच मजकूर लिहिणार," तिनं गुंडाळी उचलली. "काळ बदलू. नाव कुणाचंच घालायचं नाही. उद्या सकाळी या आणि मला एकेक ओळ सांगा. कुणाला कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पाऊस नुकता थांबला होता आणि खिडकीच्या गजांवरून थेंब ओघळत होते. खोली लहान, अर्ध्या भागात तिचं उतरतं टेबल, अर्ध्या भागात मावशीच्या रंगाच्या डब्या आणि वाळत ठेवलेल्या दुकानांच्या पाट्या. मावशीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हेच का ते, अर्धं बोलणारे?"

"मावशी."

"मी कुठं काय म्हणाले? चहा टाकते. बोलणाऱ्याची माती विकली जाते बाबा, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." एवढं बोलून मावशी आत गेली, पण आतलं दार तिनं लावलं नाही.

मग काम सुरू झालं. तो वाचायचा, ती बोरू टेकवायची. 'उठत' चं 'उठतात' झालं, 'होते' चं 'आहेत', 'नसे' चं 'नाही'. एकेका क्रियापदात दोघं मिळून जीव घालत होती. ती वेलांटी काढताना श्वास रोखून धरायची, आणि तोही आपला उगाच रोखून धरायचा.

"कागदाकडे बघून सांगा. चुकेल काहीतरी."

"मला पाठ आहे."

"मग बघताय कुठं?"

"…अक्षराकडे."

"अक्षर इथं खाली आहे."

तो खाली पाहू लागला. दोन ओळींनंतर नजर पुन्हा जिथं जायची तिथं गेली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो खाली पाहायला लागला असता.

त्या सकाळी तिला आप्पांची आणखी कितीतरी माहिती मिळाली. आप्पा गेलेल्या माणसाच्या घरी स्वतः फोन करून नावाचं शुद्धलेखन विचारतात. मोठ्या पुढाऱ्यानं जेवायला बोलावलं तर घरून जेवून जातात. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी 'मी' हा शब्द एकदाही छापला नाही. सांगताना त्याचा चेहरा उजळायचा, आणि वाक्यं कुठंही अडायची नाहीत. ज्याला दुसऱ्याचं मोठेपण इतकं मनापासून दिसतं, त्याच्याशी आपलं जमेल, असं तिला वाटून गेलं, आणि तिच्याच हातातला बोरू थबकला.

"तुमच्या हनुवटीला शाई…" तो म्हणाला.

"कुठं?"

"इथं…" त्यानं रुमाल पुढे केला, आणि पुसायचं कुणी हे न ठरल्यामुळे तो रुमाल दोघांच्या मध्ये थोडा वेळ तसाच राहिला. शेवटी तिनंच घेतला. एकच ओळ उरली होती. ती त्यानं खिडकीबाहेर पाहत घडाघडा सांगितली, तिनं हनुवटीला रुमाल लावून लिहिली. मग दोघांनी अख्ख्या मजकुरात एक तरी 'होते' उरलंय का ते बोट ठेवून शोधलं. उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं होतं. आप्पा मंचावर खुर्चीच्या टोकाशी बसले होते, उठून पळायच्या तयारीत असल्यासारखे, खिशाला पेन्सिल. ती मंचाच्या बाजूला उभी होती, तो अगदी शेवटच्या रांगेत.

चिटणीस मानपत्र वाचू लागले. त्यांचा आवाज मोठा होता आणि मजकूर तेही पहिल्यांदाच वाचत होते. आगीच्या गोष्टीला सभागृहातली खुसपूस थांबली. आप्पांनी मान खाली घातली. चिटणीस रंगात आले, शेवटच्या ओळीला आवाज आणखी चढवून म्हणाले, "त्यांच्या पश्चात कन्या, जावई व एक नात असा परिवार आहे."

सभागृहातल्या माना एकदम वर झाल्या.

तिला चूक कळली. परिवार *आहे*. ती दोघं 'होते' शोधत बसली, आणि मृत्युलेखातली ही एकच ओळ 'आहे' नं संपणारी. गेली सहा वर्षं रोज लिहून ती त्याच्या तोंडात बसलेली, आणि तिचं लक्ष त्या रुमालात.

आप्पा उठले. चिटणिसांच्या हातातून त्यांनी मानपत्र घेतलं, ती ओळ स्वतः वाचली आणि माइकपाशी गेले.

"माणूस मेल्याची अफवा उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात," ते म्हणाले. "माझं तर लेखी वाढलं."

सभागृह हसलं, पण जरा भीतभीतच.

"तीनशेच्या वर मृत्युलेख लिहिले असतील मी. 'पश्चात' कुठं येतं ते मला कळतं. गेल्यावर छापायचं ते मला आज बसून ऐकायला मिळालं. त्या तीनशेंतल्या एकालाही हे भाग्य लाभलं नाही. कुणी लिहिलंय हे?"

ती पुढे झाली. "चूक माझी आहे. अक्षर माझं आहे, मी…"

"अक्षर सुरेख आहे, पोरी. मी अक्षराचं नाही विचारत."

तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचं नाव सांगितल्यासारखंच झालं असतं. आता तो गप्प बसला तर जन्मभर बसेल, हे तिला कळत होतं, आणि आपल्याला त्याच्याबद्दल जे वाटू लागलंय त्याचं काय करायचं तेही मग ठरून जाणार होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी लिहिलं, आप्पा. तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. तुम्ही जाणार म्हणून रडत लिहिलं, आणि तुम्ही राहिलात तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली. मला जे लिहिता येतं ते तुमच्यामुळे येतं, हे तुम्हाला सांगायचं मात्र राहिलं."

कचेरीतली मंडळी माना वळवून बघत राहिली. हा एवढं सलग बोलू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मजकूर चांगला आहे," ते म्हणाले. "पण माहिती अपुरी आहे." खिशातली पेन्सिल काढून त्यांनी मानपत्र टेबलावर ठेवलं. "कन्या, जावई, नात. आणि मुलगा कुठं गेला? दीड वर्षं रविवारचा फिरकला नाही म्हणून नाव गाळायचं नसतं."

तिच्या दोन दिवसांच्या कामावर, 'जावई' या शब्दाच्या डोक्यावर, त्यांनी शब्द मध्ये घालायची खूण केली आणि आपल्या भयंकर अक्षरात लिहिलं, 'एक मुलगा'. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो मंचाकडे येत होता, आणि त्याला समोरचं काही दिसत नव्हतं हे तिला त्याच्या चालण्यावरून कळलं.

दुपारी ती सभागृहाच्या पायऱ्यांवर थांबली होती. भुरभुर लागली होती. तो बाहेर आला, डोळे अजून लाल.

"मी नवीन लिहून देते म्हणावं आप्पांना."

"विचारलं मी. नको म्हणाले. दुरुस्ती झाली ती लोकांना दिसली पाहिजे म्हणाले."

तिनं छत्री उघडली. तो छत्रीच्या काठाशी उभा राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"उद्या रविवार आहे," तो म्हणाला. "मी जातोय आप्पांकडे. तुम्ही पण… चला."

"मी काय म्हणून?"

त्यानं श्वास घेतला. ती थांबली. समोरच्याचं वाक्य आपण होऊन पुरं करण्याची तिला नेहमीची खोड. आज तिनं ती आवरली.

"मला तुम्ही आवडता म्हणून. हे अजून आप्पांना सांगितलेलं नाही. त्यांना बातमी दुसऱ्याकडून कळलेली चालत नाही."

"आणि बातमी पक्की आहे का, हे विचारतील ना ते?"

"विचारतील."

"एकाच बाजूचं ऐकून छापतात होय तुमच्याकडे?"

"तुमची बाजू… काय आहे?"

"तीच," ती म्हणाली आणि छत्री त्याच्या डोक्यावर नेली. तिचा डावा खांदा भिजू लागला, पण आज हाताशी कागद नव्हता, भिजायला हरकत नव्हती.

थोडं अंतर दोघं चालली. मग तो थांबला.

"मग आता तुम्हाला… 'तू' म्हटलं तर चालेल?"

"म्हण की," ती म्हणाली.