वळणावरचं मीठ

“मामा, जीप थांबवा!” ठिणगी ओरडली.

घाटातल्या वळणावर एक हरणी निपचित पडली होती. भरधाव गाडीने उडवलेली! पाडस तिला नाकाने ढोसत होतं.

मामा अभयारण्याचे वनरक्षक. ते खाली मान घालून म्हणाले, “पुन्हा याच वळणावर! साहेब म्हणतात, माझा पहारा ढिला. आता माझी इथून उचलबांगडी होणार.”

“वा रे न्याय! गाड्या दामटणार लोक, नि शिक्षा तुम्हाला?”

तेवढ्यात पाडस रस्त्याकडेचा कठडा चाटू लागलं. खाण्यात काहीच वर्ज्य नसलेल्या भोपळ्याने, म्हणजे ठिणगीच्या मावसभावाने, दगडाला सरळ जीभ लावली.

“शी!” ठिणगीचा धाकटा भाऊ शेपूट किंचाळला.

“अगं, मीठ आहे! खडेमीठ!” भोपळा म्हणाला.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या उपाहारगृहावर पाटीच होती, ‘चहा घेता घेता हरणं पाहा!’ म्हणजे मुक्या लेकरांना आमिष दाखवून रस्त्यावर आणायचं, आणि त्यांच्या जिवावर गिऱ्हाइकं गोळा करायची!

“मालकाला विचारलं, तर कानांवर हात ठेवेल,” मामा म्हणाले. “पण देव सगळं बघतो, ठिणगे.”

“बघतो हो, पण खरवडायला आपल्यालाच लागतं!”

संध्याकाळी तिघांनी कठड्यावरचं मीठ खुरप्याने खरवडलं. उपाहारगृहाच्या मागे, जंगलाच्या बाजूला, मालकाची नवीकोरी गाडी उभी होती. भोपळ्याने मीठ पाण्यात कालवून गाडीला मनसोक्त फासलं.

“देवा, हरणांना भूक दे!” शेपटाने डोळे मिटून हात जोडले.

सकाळी साहेब पाहणीला आले, तर अख्खा कळप गाडी चाटत होता! मालक दात घासता घासताच धावला.

“हाकला यांना! रंग गेला माझ्या गाडीचा! माझं वळणावरचं मीठ इथे कुणी आणलं?”

“वळणावरचं?” साहेबांनी सावकाश विचारलं. “तुमचं?”

मालकाच्या तोंडून नुसता फेस आला.

साहेब मामांकडे वळले. “तुमचा पहारा ढिला नव्हता. मीच चौकशी न करता ठपका ठेवला. तुम्ही कुठेही जायचं नाही. आणि मुलांनो, शाबास! तुमच्यासारखे डोळे आम्हाला हवेत.”

मामांनी तिघांना एकदमच कवेत घेतलं. पण ठिणगीचा राग उतरला नव्हता. तिने बादली नि ब्रश आणून मालकापुढे आदळला. साहेबांनी मान डोलावून मालकाला फर्मावलं,

“चौकीवर मग जाऊ. आधी कठडा धुवा!”

मालक घाम पुसत दगड घासू लागला. ठिणगी कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी!

“तो कोपरा राहिला, काका! नीट घासा!”