उस्तादाची मूठ

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका, माझं काही जात नाही. फक्त जेवताना वाचू नका.

साल १९६६. अणदूरजवळचा माळ. सकाळची वेळ, लख्ख उजेड.

पिकांवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका कंपनीत मी नवाच वैमानिक होतो. आजवर चालवलेल्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली. इथल्याचं शेपटीखाली. उतरताना नाक वर, समोरचं दिसत नाही. टेकलं की विमान हाकायची दांडी पोटाशी ओढायची आणि थांबेपर्यंत सोडायची नाही. माझी सवय उलटी. टेकलं की हात सैल, आणि विमान बेडकासारखं उड्या मारायचं.

शनिवारी साहेब येणार होते. लागोपाठ तीनदा नीट उतरवलं तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी.

पण खरं सांगू? उड्यांपेक्षा मला त्या दांडीची किळस यायची.

तिच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली. काळी, चिकट. औषधाचा उग्र वास, त्यात तंबाखूचा, आणि त्याखाली... काहीतरी आंबलेलं.

"ही घाण काढा," मी मेकॅनिक चाँदपाशाला म्हणालो.

"न्हाय साहेब. उस्तादाची मूठ हाय ती. उस्ताद गेला तरी त्याची मूठ उतरवायची नसती."

उस्ताद म्हणजे आधीचे वैमानिक, वसंतराव. औषध अंगात भिनलं. विमान उतरवलं, थांबवलं आणि बसल्या जागी वांत्या होऊन गेले.

"दांडी पोटाशी तशीच धरलेली व्हती," चाँदपाशा म्हणाला. "एकेक बोट म्या सोडवलं."

मी हात विजारीला पुसला.

शनिवार. साहेब माळावर खुर्ची टाकून बसले. चाकं टेकली... माझा हात सवयीनं सैल पडला...

दांडी पुढं गेलीच नाही.

माझ्या हातावर हात होता.

ओला. कोमट. बुळबुळीत.

त्यानं माझी मूठ पोटाशी ओढली ती विमान थांबेपर्यंत सोडली नाही. कानाशी कुणीतरी तंबाखूचा रस गिळला...

वळून पाहिलं. विमान एका माणसाचं. मागं नुसता पत्रा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. एकही उडी नाही.

"शाब्बास! अगदी वसंतरावांसारखं उतरवता," साहेब म्हणाले.

मी विमानामागं जाऊन ओकलो.

दुपारी चाँदपाशा जेवायला गेल्यावर ती सुतळी ब्लेडनं कापली आणि रॉकेल ओतून जाळली. दांडी सोड्यानं घासली. केवढं हायसं वाटलं!

सोमवारी चाकं टेकली...

हात आलाच. या वेळी विमान थांबलं तरी सुटला नाही.

चाँदपाशानं राख पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ह्ये काय केलं साहेब? आता उस्तादानं मूठ कुठं ठेवायची?"

पुढं चौदा वर्षं मी विमान चालवलं. बहिणी उजवल्या. उतरताना एकदाही चुकलो नाही. त्यात माझं काय होतं, देव जाणे.

जेवतो मात्र डाव्या हातानं. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. उजवा हात तोंडाजवळ आला की तोच आंबलेला वास...

परवा नातीला, नीलाला, हात धरून शाळेत सोडलं. विचार न करता उजवा हात दिला.

संध्याकाळी सून चिडली होती. "मामा, या वयात तंबाखू? पोरीच्या हाताला वास येतोय."

मी जन्मात तंबाखूला शिवलेलो नाही.

नीलाचा हात तिनं साबणानं तीनदा धुतला होता. चौथ्यांदा धुवायला घेऊन गेली.