निळ्या कापडाची दोन टोकं

भरतीचं पाणी गल्लीत शिरलं की माझी स्कूटर रुसते, हे मला ठाऊक होतं. तरीही त्या सकाळी मी तिला पाण्यात घातली, कारण नगरपालिकेतली बैठक माझ्याच मोहिमेची आणि उशीरही मलाच झालेला. व्हायचं तेच झालं. मशिदीच्या वळणावर ती दोनदा खोकली आणि गप्प बसली.

घोट्याएवढ्या पाण्यात मी किका मारत होते. ऊन लख्ख होतं. जावाच्या या उत्तर किनाऱ्यावर पूर यायला पाऊस लागत नाही, समुद्र पुरतो. तेवढ्यात मागून पाण्याचा चळक-चळक आवाज आला. कडक इस्त्रीचा बाटिकचा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि दोन्ही बूट तान्ह्या बाळासारखे छातीशी धरलेला एक तरुण.

"म्बाक, नगरपालिका कुठे आली?" अनोळखी ताईला हाक मारावी तसं त्याने विचारलं.

"सरळ जा. पाणी संपेल तिथे."

"म्हणजे साहेब लोक कोरड्यात बसतात."

"बसतातच फक्त."

तो हसला. बूट माझ्या सीटवर ठेवून त्याने स्कूटरला मागून हात लावला आणि ढकलायला लागला. मी नको म्हणाले... पण फार जोरात नाही.

"तिथे लारास म्हणून कोणी आहेत," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हवामान मोहिमेच्या. कशा आहेत, माहीत आहे?"

मी मान न वळवता म्हणाले, "आळशी आहे. तोंडाचीही फटकळ. जरा जपून."

"आणि दिसायला?"

"दिसायला... बरी आहे. लोक म्हणतात."

बैठकीत आमच्या साहेबांनी ओळखी करून दिल्या. माझं नाव ऐकताच टेबलापलीकडे कोणाला तरी ठसका लागला. मग तो उठून उभा राहिला. पाय आता बुटांत होते, कान मात्र लाल.

"मी जात्मिको. बू सुलास्त्रींच्या बाटिक कारखान्याकडून. लारासबाईंविषयी वाटेत बरंच ऐकलं. त्यातलं एक तरी अगदी खरं निघालं."

"कोणतं?" साहेबांनी विचारलं.

"ते करारात घालण्यासारखं नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. बाकीची बैठक मी कागदावर नुसते मासे काढत होते.

करार साधा होता. समुद्र चढतोय आणि गाव खचतंय, हे लोकांना भाषणांनी पटत नव्हतं. तेव्हा पाण्याखालच्या गल्ल्यांतल्या बायकांनी एक लांबच लांब निळं बाटिक करायचं. पाण्याने ज्याचं जे नेलं, ते त्यावर काढायचं. कापड, मेण, रंग कारखान्याचे. माणसं, रस्ते, परवानग्या पालिकेच्या. बाटिकच्या सणाला ते सगळ्या शहरातून मिरवायचं.

काम सुरू झालं बू तुमिनाहच्या ओट्यावर. बू, म्हणजे मानाने हाक मारायची वडीलधारी बाई. तो ओटा इतक्यांदा उंच केला होता की घरात शिरताना वाकावं लागे. तुमिनाह विधवा, पण गल्लीतलं सगळं हसू तिच्या दारातून निघायचं. तिथे वितळल्या मेणाचा वास, मोगऱ्याचा चहा, आणि मेण सोडायच्या लेखणीच्या तांब्याच्या चोचीवर फुंकर मारणाऱ्या बायका. कुणी वाहून गेलेलं पेरूचं झाड काढलं, कुणी नवऱ्याची कबर, एकीने भातशेत.

जात्मिको रोज यायचा. कापड पोचवायला म्हणून यायचा, आणि कापड पोचलं तरी जायचा नाही.

"हा मासा आहे की चप्पल?" मी त्याच्या चित्राकडे बघून विचारलं.

"पोहणारी चप्पल. तुमच्या गल्लीत मासळीपेक्षा हीच जास्त दिसते."

"कारखान्यात पगार कशाचा घेता हो, पाक जात्मिको?"

"फटकळ बाईंचं ऐकून घ्यायचा."

आमच्याकडे परक्या पुरुषाला पाक म्हणायचं आणि आपल्यातल्याला मास. एकदा गरम मेणाचा थेंब त्याच्या मनगटावर पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मास, लागलं का?" ओट्यावरच्या सगळ्या चोची एकदम थांबल्या.

"पाकचा मास कधी झाला गं?" तुमिनाहने विचारलं.

"मेण गार होतंय," मी म्हणाले.

"कुणाचं?" ती म्हणाली. तो मात्र मनगट धरून असा हसत होता, जणू भाजणं ही मोठी चैनीची गोष्ट असावी.

कापड शेवटाला आलं तेव्हा अडलं. टोकाला एक ओळ लिहायची होती, शहराने काय करावं ते सांगणारी. मी लिहिलं: समुद्र चढतो आहे, आणि जमिनीखालचं पाणी उपसून आपण स्वतःच त्याच्याकडे खाली जातो आहोत. बोअर बंद करा.

आमचे साहेब म्हणाले, "समुद्रापुरतं ठेवा ना. समुद्राला दोष दिला की कुणाला राग येत नाही." बू सुलास्त्रींचा निरोप आला की पालिका आणि कारखाना, दोघांच्या संमतीशिवाय ओळ जाणार नाही, आणि त्यांची संमती नाही. त्यांच्या कारखान्यातच मोठा बोअर होता. निरोप घेऊन आला जात्मिको.

"तुम्हाला हे पटतं?" मी विचारलं.

"ओळ पटते."

"मग तसं तिथे का नाही सांगितलं?"

"बोअर बंद केला तर कापड कशाने धुवायचं, लारास? तुमच्या पालिकेचा नळ आमच्या रस्त्यापर्यंत येतच नाही. आम्हाला उपसू नका म्हणता, आणि द्यायला तुमच्याकडे काही नाही."

मला राग आला. त्याचा आला, आणि तो खरं बोलला म्हणून जास्तच आला. "म्हणजे तुम्ही शेवटी कारखान्याचेच," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून तो पाण्यातून चालत गेला, आणि या वेळी बूट काढायचंही विसरला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायका मुकाट्याने मेण लावत होत्या, आणि तुमिनाहसुद्धा मला चिडवेना, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मग मीच त्याच्या कारखान्यात गेले. तो रंगाच्या हौदांपाशी उभा होता, कोपरापर्यंत निळा.

"मी पालिकेत नळासाठी भांडते," मी म्हणाले. "तुम्ही इथे बोअर बंद व्हावा म्हणून भांडाल?"

"कालपासून तेच करतोय," तो म्हणाला. "बूंनी मला दोनदा खोलीबाहेर काढलंय."

"आणि?"

"तिसऱ्यांदा जाणार आहे. ...तू म्हणालीस ते मला लागलं, लारास."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि कुठल्या वाक्यात... "मी तसं म्हणायला नको होतं," मी म्हणाले. त्याने निळं बोट उचललं, माझ्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आणलं आणि टेकवलं. तो डाग मी घरापर्यंत पुसला नाही.

साहेबांच्या दारात मी इतके दिवस बसले की शिपाई मला चहा विचारू लागला. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "कारखान्याने बोअर बंद करायचं लेखी दिलं, तर नळ पुढच्या टप्प्यात घेऊ." मी म्हणाले, "टप्पा नको. आधी नळ, मग कुलूप, मग मिरवणूक." त्यांनी डोक्याला हात लावला, पण फोन उचलला.

तिकडे जात्मिकोने बू सुलास्त्रींना एवढंच सांगितलं: आज ना उद्या सगळ्यांचे बोअर बंद होणार. तेव्हा आपल्याला लोकांनी भाग पाडलं असं व्हायला हवं, की लोक आपल्या मागून आले असं? बू मुरलेल्या व्यापारी. चष्म्यावरून त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ही अक्कल तुझी की त्या पालिकेवालीची?"

"दोघांची, बू."

"मग दोघं जाऊन पाइप कुठवर आला ते बघा. नळाला पाणी दिसलं की कुलूप मी लावीन. आणि सगळ्यांसमोर लावीन."

नळाला पाणी आलं, आणि त्यांनी खरंच लावलं, रेशमी साडीसारखा झळझळीत सारोंग नेसून, फोटोवाल्याला दोनदा परत काढायला लावत. आणखी दोन कारखानदार बघायला आले होते. ते पाइपची चौकशी करून गेले.

सणाच्या सकाळी कापड निघालं. ते इतकं लांब होतं की पुढचं टोक बाजारात पोचलं तेव्हा मागचं अजून आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढची काठी जात्मिकोकडे, मागची माझ्याकडे, आणि मधे दोन्ही कडांनी धरून चाललेल्या बायका. टोकाला माझी ओळ होती तशीच होती, आणि लोक थांबून ती वाचत होते. म्हातारे त्या भातशेताला बोट लावून बघत होते.

अर्ध्या रस्त्यात पुढून कुजबूज येऊ लागली. एकीकडून दुसरीकडे, हसत, वळून बघत. माझ्या शेजारी तुमिनाह होती.

"पुढून निरोप आलाय," ती म्हणाली. "तुला ऊन लागतंय का विचारतोय."

"नाही म्हणावं."

उत्तर पुढे गेलं. परत कुजबूज आली.

"त्याला लागतंय म्हणे. कापड जरा जास्तच लांब केलं, असंही म्हणतोय."

"बायकांनी केलंय. तक्रार त्यांच्याकडे कर म्हणावं."

या वेळी निरोप यायला वेळ लागला. वाटेत प्रत्येक बाई थांबून ओढणीआड हसत होती. तुमिनाहने तो कानात घेतला आणि माझ्याकडे वळली.

"विचारतोय, लग्न कधी करायचं."

माझी काठी हलली. "असं म्हणाला तो?"

"तो म्हणाला, रविवारी आईकडे फणसाचा मेगोनो-भात खायला येशील का. मी तेच सांगितलं, फक्त थोडक्यात."

मी पुढे पाहिलं. निळ्या कापडाच्या पार पलीकडे एक मान वळलेली दिसत होती.

"हो म्हणावं," मी म्हणाले.

"कशाला? भाताला की..."

"दोन्हीला."

ते एक उत्तर बायकांतून पुढे पळत गेलं, आणि जिथून जाईल तिथे कापड हसून हलत होतं. मग मिरवणूक थांबली. मागचा बँड आमच्यावर आदळला. जात्मिकोने पुढची काठी सरळ शेजारून चालणाऱ्या बू सुलास्त्रींच्या हातात दिली आणि गर्दीतून धावत मागे आला, धापा टाकत, माझ्यासमोर.

"निरोप नीट आला का ते बघायला आलो," तो म्हणाला. "वाटेत बदलतात ते."

"काय आला?"

"दोन्हीला, असा."

"मग नीटच आलाय, मास."

त्याने माझ्या काठीला हात लावला, माझ्या हाताच्या अगदी जवळ. पुढून, लांबून, बू सुलास्त्रींचा आवाज आला, "आता चालायचं का सगळ्यांनी?"

आणि आम्ही चालू लागलो.